काचघरातल्या प्रमिलाताई

नागपुरात सक्करदऱ्याला तलावाजवळच्या चौकात प्रमिलाताईंचा फ्लेक्स लागला होता. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली हात जोडलेल्या माणसांची रांग, आणि मधोमध पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला त्यांचा चेहरा, जरासा रागावल्यासारखा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रेमानं नावाआधी ‘डॉ.’ लावलं होतं. मी ताईंच्या घरी भेटायला निघाले होते, तर गावंडे भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, चौकातच स्टुलावर चढून त्या ‘डॉ.’वर पांढरा कागद चिकटवत असलेले दिसले. खालून पोरं म्हणत होती, “राहू द्या न काका, कोण पाहते?”

“तिले चाललं नसतं, बाबू,” भाऊजी वरूनच म्हणाले. “जे मिळालं नाही ते लावाचं नाही.”

मला आधी हसू आलं आणि मग तिथेच, भाजीवाल्याच्या गाड्याला टेकून, रडू आलं. नवराबायको दोघंही सारखेच. मिळालं नाही असं भाऊजी म्हणाले खरं, पण ताईंच्या हाताशी आलेली पदवी त्यांनी स्वतः सोडली, आणि ती कशी सोडली हे पाहणारी मी एक आहे. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले. नाहीतर माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोडगोड लिहिण्याची मला मुळीच हौस नाही.

प्रमिलाताई कळमेश्वरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायच्या. पंचेचाळिशी उलटल्यावर, जेव्हा बाकीच्या बाया गुडघ्यांची तक्रार सुरू करतात, तेव्हा त्यांनी बिनपगारी रजा घेतली आणि काटोल रस्त्याकडच्या आमच्या संस्थेत पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मी त्याच प्रयोगशाळेत मिरचीच्या रोगावर काम करत होते. आम्हा दोघींचे मार्गदर्शक एकच, साठवणे सर. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आणि नोंदणीनं एक वर्ष थोरली, त्यामुळे पहिले काही दिवस त्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या. एकदा मी त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि झुणका न विचारता खाल्ला, तेव्हापासून मी ‘शुभा’ झाले आणि अगंतुगंवर आले.

त्यांचा विषय ज्वारीवरच्या विषाणूचा. हा विषाणू लागला की पानावर फिके-हिरवे पट्टे उमटतात, झाड खुजं राहतं, कणीस भरत नाही. काही वाण मात्र त्याला दाद देत नाहीत. ताईंचा प्रश्न असा, की दाद न देणारा वाण सगळीकडे पेरला गेला तर विषाणू गप्प बसतो, की हळूहळू बदलून त्याच्यावरही मात करतो? आणि करत असेल तर कोणत्या वाटेनं?

कॅन्टीनमध्ये लोक त्यांची टर उडवायचे. सगळा विदर्भ कापूस आणि सोयाबीनच्या मागे लागलेला, आता ज्वारी पेरते कोण, असं एकानं विचारलं. ताईंनी त्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. “साहेब, तुम्ही भाकर खाऊन राहिले न? थे काय दुकानात उगवली?” तो गडी पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

हा एवढा जड विषय त्या कसा सांगायच्या, ते मी पहिल्यांदा त्यांच्या घरी ऐकलं. त्यांच्या सासूबाई विचारत होत्या, तुझा तो किडा एवढा अक्कलवान कसा, तुम्ही औषध काढता आणि तो शिकतो. “तो काही शिकत नाही, आई,” ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. “आपण आंगणात मांजरं येऊ नाही म्हणून फाटक लावतो. मोठी मांजरं बाहेर राहतेत. बारकी असतेत ते गजातून जातेत. त्याइची पिल्लं बी बारकीच. मग काही वर्सानं आंगणात पाहा, सारी बारकीच मांजरं. मांजरांनं काही अभ्यास नाही केला. आपल्याच फाटकानं त्याइले निवडलं.” सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे फाटक लावूच नाही?” ताई हसल्या. “लावा न. पण लावून झोपाचं नाही.”

मी विद्यापीठात दोन वर्षं शिकलेलं सगळं त्या पोळपाटाजवळ मला नीट समजलं.

आता काचघराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ताई म्हणजे काचघर. खालची अर्धी भिंत काचेची, वर बारीक जाळी, आत दोन दारं, म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दाराशी त्यांनी एक स्टीलचा वाडगा ठेवला होता. त्यात दुधाची पावडर कालवलेलं पाणी असायचं. साबणानं हात धुवायचे, मग त्या दुधात बुडवायचे, मग आत यायचं. दूध हाताला लागलेलं असलं की बोटांवरून एका झाडाचा विषाणू दुसऱ्या झाडाला सहजी लागत नाही. ही युक्ती पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेली असते, पण रोज करणाऱ्या मी त्या एकट्याच पाहिल्या. माझ्या मिरच्या त्याच काचघरात एका कोपऱ्यात होत्या, म्हणून मलाही रोज दुधात हात.

तंबाखूशी त्यांचं उभं वैर होतं. तंबाखूच्या सुक्या पानातसुद्धा तिचा विषाणू टिकून राहतो आणि खाणाऱ्याच्या बोटांवरून मिरचीसारख्या झाडावर जातो. आता नागपुरात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, न खाणारा पुरुष शोधायचा म्हणजे काय काम आहे ते नागपूरकरच जाणे. एकदा तपासणीसाठी समिती आली. अध्यक्ष महाशयांच्या गालात खर्रा. ताईंनी त्यांना दारातच अडवलं. “साहेब, ते थुंका, चूळ भरा, हात धुवा, मग या.” साठवणे सरांचा चेहरा पांढरा पडला. पण अध्यक्ष भला माणूस निघाला, निमूट सगळं करून आला. पुढे वाडग्यातलं दूध पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं उजव्या तळव्याची खळगी करून तीर्थासारखं ते प्राशन केलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. ताई मात्र जराही हसल्या नाहीत. “साहेब,” त्या म्हणाल्या, “आता हात परत धुवा. डोक्याले लागले.”

कामाची रीत अशी. रोगट पान थंडगार खलात वाटायचं. नव्या रोपाच्या पानावर दगडाची अगदी बारीक भुकटी भुरभुरायची आणि त्या रसात बोट बुडवून पानावरून एकदाच फिरवायचं. जोरात फिरवलं तर पान मरतं, हळू फिरवलं तर विषाणू आत जात नाही. “पान दुखलं पायजे, मेलं नाही पायजे,” त्या म्हणत. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट त्यानं खरखरीत झालं होतं. ते रोप म्हातारं व्हायच्या आत त्यातून पुढच्या रोपात, त्यातून पुढच्यात. विरजण मोडू द्यायचं नाही तसं. अशा त्यांनी तीन वेगवेगळ्या ओळी चालवल्या होत्या, तिन्ही वानखेडे सरांच्या वाणावर. वानखेडे सर आमच्या संस्थेचे ज्वारीचे पैदासकार. त्यांची उभी हयात तो वाण तयार करण्यात गेली होती आणि तो शेतकऱ्यांना देण्याच्या बेतात होता. त्या वाणात विषाणू रस लावलेल्या पानातच कसाबसा टिकायचा, पुढे पसरत नव्हता.

विरजणाला सुट्टी नसते, म्हणून ताईंनाही नसायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई घालवायच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते तेव्हा आमच्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. “ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत” असं ओरडत सगळं गाव रस्त्यावर. त्या दिवशी ताई तासभर उशिरा आल्या, स्कूटर महाल भागात कुठेतरी सोडून, घामाघूम, केसांत गुलाल. दाराशी बसून हात धूत म्हणाल्या, “सारं शहर रोगराईले हाकलून राहिलं आन् मी एकटी तिले सांभाळाले येऊन राहिली. देव मले काय म्हणत असन वं?” आणि हात दुधात बुडवून आत गेल्या.

मे महिन्यात झाडांना ऊन सोसेना आणि संस्थेचा कूलर दुरुस्तीला गेलेला. नागपूरचा मे म्हणजे काय, ते ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. ताईंनी घरचा कूलर टेम्पोत घालून आणला आणि काचघराला लावला. भाऊजी महिनाभर गच्चीवर झोपले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काही बोलत कसे नाही? ते म्हणाले, “बोललो न. म्हटलं, खसचं पाणी येळेवर टाकजो.”

एका हिवाळी सकाळी त्यांनी मला काचघरातून हाक मारली. आवाज नेहमीसारखाच. एका कुंडीपुढे मला उभं केलं. “तुले काय दिसते? मी काही सांगत नाही.”

मी वाकून पाहिलं. शेंड्याच्या कोवळ्या पानावर, जिथे रस कधी लावलाच नव्हता, फिके पट्टे होते. वानखेडे सरांच्या वाणावर. मी किंचाळलेच. ताईंनी माझा हात दाबला. “बी मिसळलं असन,” त्या म्हणाल्या. “माही चूक असन.” पुन्हा बी पेरलं, पुन्हा रस लावला. पुन्हा पट्टे. विषाणूच्या जनुकांची तपासणी झाली, त्यात बदल दिसला. तीन ओळींतली एक ओळ फाटक ओलांडून गेली होती.

साठवणे सरांनी पेढे आणले. मी चार खाल्ले. ताईंनी एक घेतला, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी पार्किंगमध्ये मला म्हणाल्या, “शुभा, माह्या भावानं या वाणाचं बियाणं सांगून ठेवलं आहे. सावनेरकडे पेरणार आहेत सारे.” त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होताच, खोटं कशाला सांगू, पण त्याच्या मागेमागे भीतीही होती, आणि दोन्ही एकदम चेहऱ्यावर असलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

एक काम मात्र उरलं होतं. सगळा प्रयोग एकदा पहिल्यापासून पुन्हा करून दाखवायचा. एकदा घडलं ते योगायोगानं घडलं असू शकतं, पुन्हा घडलं तर ते खरं. त्या हिवाळ्यानंतरच्या वर्षभरात ती दुसरी फेरी बरीच पुढे गेली होती. जूनमध्ये रजा संपत होती, त्याआधी प्रबंध द्यायचा होता. फेब्रुवारीत त्यांचं सगळ्या संस्थेपुढे व्याख्यान ठेवलं.

व्याख्यान छान झालं. शिकवणाऱ्या बाईच त्या, कुणाला जांभई आली नाही. शेवटी वानखेडे सर उठले. उंच, सडसडीत, आवाज मुळातच चढा. “मॅडम, तुम्ही या विषाणूला पाळणाघरात ठेवलंत. एका झाडाकडून दुसऱ्याकडे बोटाला धरून नेलंत. शेतात त्याला कोण नेणार?”

“मावा नेते, सर,” ताई म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. मावा म्हणजे पानामागे चिकटलेले, विषाणू इकडून तिकडे नेणारे ते बारीक किडे, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक. वानखेडे सर लालबुंद झाले. “माझ्या प्लॉटमध्ये मी मावा येऊ देत नाही,” म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही दोघी काचघराकडे चाललो. मी त्यांना पार्टीसाठी छळत होते, सावजी की हल्दीराम असा वाद घालत होते. ताई एकदम थांबल्या. काचघराच्या वरची जाळी फाटून लोंबत होती आणि कठड्यावर एक वांदर बसून ज्वारीचा धांडा सोलत होतं. आम्ही धावलो तशी बाकीची आतून उड्या मारत पळाली. दुपारभर संस्थेतले सगळे व्याख्यानाला, इकडे फिरकलं कोणी नव्हतं. कुंड्या आडव्या, माती सांडलेली, कुंड्यांमधल्या नावाच्या पाट्या चावून इकडेतिकडे फेकलेल्या. मी खाली बसून पाट्या जुळवायला लागले. अजून वाचेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात.

“हात लावू नको,” ताई म्हणाल्या.

त्या पाट्यांकडे पाहतच नव्हत्या. पट्टे उमटलेल्या झाडाचं एक पान त्यांनी उलटं धरलं होतं. पानामागे मावा होता, आणि त्यातले काही पंखवाले. मावा पानाला नुसती सोंड टेकवतो, चव पाहतो, पटलं नाही तर उडून दुसरीकडे जातो. विषाणू सोंडेला लागायला तेवढं पुरतं. ताईंनी फाटक्या जाळीतून बाहेर पाहिलं. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पलीकडे, वानखेडे सरांचा बियाण्याचा प्लॉट होता, गुडघ्याएवढी हिरवीगार उन्हाळी ज्वारी, आणि वारा इकडून तिकडे होता. त्यापलीकडे संस्थेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे लोकांची वावरं.

साठवणे सर धापा टाकत आले. सगळं पाहून कुंडीच्या कठड्यावर बसले. “जाळी आजच बदलू. फवारणी करू. मॅडम, कुणाला काही सांगायची घाई नको. आठ-दहा दिवस प्लॉटवर लक्ष ठेवू.”

“आठ दिवसानं पट्टे दिसतीन, सर. तवापर्यंत मावा कुंपणाच्या भायेर गेला असन.”

“असेल, नसेल! कदाचित एकही गेला नसेल.”

“कदाचित,” ताई म्हणाल्या. “पण हा विषाणू जंगलातून नाही आला, सर. आपण केला आहे.”

“हे जाळलं तर प्रबंध होत नाही, एवढं कळतं ना? रजा वाढणार नाही तुमची.”

“माहीत आहे.”

सर उठून फाटकी जाळी वर धरून पाहू लागले. वाईट माणूस नव्हता तो. विद्यार्थिनीचं बुडू नये असं वाटणं हा काही गुन्हा नाही. मलाही तेच वाटत होतं, मी उघड म्हणालेही, “ताई, थोडं थांबू न.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं देखील नाही. त्या तशाच वानखेडे सरांच्या खोलीकडे निघाल्या, मी मागे.

वानखेडे सर टेबलावर चष्मा ठेवून डोळे चोळत बसले होते. “या मॅडम. माफी मागायला आलात?”

“नाही, सर. वांदरांनं जाळी फाडली.” आणि पुढचं सगळं त्यांनी सरळ सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, “माही सारी झाडं मी आजच जाळून राहिली. तुमचा प्लॉट बी उपटाव लागते.”

सर उठून खिडकीशी गेले. तिथून त्यांचा प्लॉट दिसायचा. “यंदा हे बियाणं झालं नाही तर वाण पुढच्या वर्षावर जातो,” ते म्हणाले. “मी त्याआधी निवृत्त होतो. याचा अर्थ कळतो तुम्हाला?”

“कळते, सर.”

“तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलं असतं?”

“एखाद्या झाडावर पट्टे दिसले असते, सर. कुठून आले ते समजलं नसतं.”

“मग काहून सांगितलं?” संस्थेत अस्खलित पुस्तकी बोलणारा तो माणूस पहिल्यांदाच असा घरच्या बोलीत बोलला.

“दोन वर्सानं लोकायच्या वावरात पट्टे दिसले असते. लोकायनं म्हटलं असतं, वानखेडे सरांचा वाण खोटा निघाला. तो खोटा नाही, सर. मी इतकी वर्सं त्याच्याशी झगडली, मले माहीत आहे तो किती पक्का आहे. माह्या काचघरातला विषाणू त्याच्या आंगावर सोडून त्याले बदनाम करणं मले जमणार नाही.”

वानखेडे सर वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. “सकाळी लवकर या,” म्हणाले. “मला एकट्याला उपटणं होणार नाही.”

त्या संध्याकाळी काचघरामागच्या खड्ड्यात ताईंनी आपली झाडं जाळली. एकेक कुंडी स्वतः आणली, मला दिली नाही. मी हमसून रडत होते आणि त्या मला म्हणत होत्या, धूर तिकडे जाऊन राहिला, तू इकडे उभी राह्य. फ्रीजरमध्ये त्या ओळीचं एक सुकवलेलं पान सीलबंद होतं, ते राहिलं. त्यातून पुन्हा सुरुवात करता आली असती. पण पुन्हा म्हणजे पुन्हा वर्षं, आणि रजा जूनमध्ये संपत होती.

सकाळी वानखेडे सर पँट दुमडून प्लॉटमध्ये उभे होते. मजूर होतेच, पण पहिली ओळ सरांनी स्वतः धरली, शेजारची ताईंनी. मी मुळं झटकून ढीग लावत होते. ज्वारी मुळासकट उपटताना एक चर्र असा आवाज येतो, तो मला अजून आवडत नाही. मधेच सरांनी विचारलं, “मॅडम, या वयात पीएच.डी. कशाला करायला घेतली होती?”

ताई पाठ सरळ करत म्हणाल्या, “वर्गात पोरं विचारत, बाई, हे पुस्तकातलं सारं कोणं पाहिलं? मले वाटे, एक तरी गोष्ट अशी असाव का म्हणता येईन, हे म्या पाहिलं.”

“पाहिलंत ना, मग,” सर म्हणाले. दोघंही पुन्हा वाकून उपटायला लागले.

उपटलेल्या झाडांची पानं ताईंच्याच आग्रहानं तपासली. तपासलेल्यांत विषाणू कुठेच सापडला नाही. झालं, कॅन्टीनला विषय मिळाला. बाईनं उगाचच स्वतःचं आणि दुसऱ्याचं घालवलं, असं लोक उघड बोलायचे. मला त्यांचा संताप यायचा आणि खरं तर ताईंचाही यायचा. एकदा मी त्यांच्यावरच ओरडले, की बघा, काही नव्हतंच, कशासाठी केलं हे सगळं? त्या म्हणाल्या, “नाही सापडला म्हणून तुले वाईट वाटून राहिलं का, वेडे? आपण काय सापडाव म्हणून उपटलं होतं?”

साठवणे सरांनी सुचवलं, की पहिल्या फेरीवरच प्रबंध लिहा, दुसऱ्या फेरीचं जरा मोघम ठेवा, परीक्षक काही खोदत बसत नाहीत. ताई म्हणाल्या, अर्धं पाहिलं तर अर्धंच पाहिलं असं लिहीन. तसं लिहिलं तर प्रबंध परत येईल, सर म्हणाले. मग राहू द्या, ताई म्हणाल्या. जूनमध्ये त्या कळमेश्वरला रुजू झाल्या. नोंदणीची मुदत पुढे आपोआप संपली. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्या आल्या, मला जरीकाठाची साडी दिली आणि माझ्यापेक्षा जास्त आनंदानं सगळ्यांना पेढे वाटले. मला ते पेढे गिळवले नाहीत.

पण गोष्ट तिथे संपली नाही. निवृत्तीनंतरही वानखेडे सर संस्थेत येत राहिले. आपल्या वाणात त्यांनी आणखी एका जातीची प्रतिकारशक्ती आणली, आणि बी कुणाला द्यायच्या आधी ताईंना फोन केला. “तुमचा तो पैलवान फ्रीजरमध्ये आहे ना? आधी त्याच्यापुढे उभं करा.” मग काही वर्षं रविवारी आणि सुट्ट्यांत ताई काचघरात. पद नाही, पदवी नाही, मानधनाचा तर प्रश्नच नव्हता. पैलवान हरला. तरी ताईंनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. त्यानंतरच तो वाण गावात गेला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, सावनेरजवळच्या एका गावात. शिवारफेरी होती, म्हणजे शेतकऱ्यांना उभं पीक दाखवायचा कार्यक्रम. मी संस्थेतर्फे गेले होते. वानखेडे सर टोपी घालून धुऱ्यावर, भोवती माणसं. ताई त्यांच्या भावाच्या घरच्या बायकांबरोबर आल्या होत्या, पदर डोक्यावर, पायांत स्लीपर. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “या ज्वारीले रोग लागत नाही म्हणतेत. खरं हाय का?”

“मला विचारू नका, मी तिचा बाप आहे,” सर म्हणाले. “या मॅडमना विचारा.”

सगळे ताईंकडे वळले. त्या जरा अवघडल्या, मग वर्गात फळ्यापुढे उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या. “आज लागत नाही, मावशी. उद्याचं मले सांगता येत नाही.”

“मग पेराव का नाही?”

“पेरा न वं. पण पेरून झोपू नका.” त्यांनी शेंड्याचं एक पान वाकवून उन्हाकडे धरलं. “हे असं धराचं. असं सारं एकसारखं हिरवं दिसलं म्हणजे बरं हाय. फिक्का पट्टा दिसला का पान तोडू नका, फोटो काढा आन् मले धाडा. कोणाच्या पोराजवळ फोन हाय?” एकेकीनं आपापलं पान उन्हाकडे धरलं. मी लांबून हाक मारली, “ताई, गाडी निघते!” त्यांनी पानावरची नजर न काढता दुसऱ्या हातानं मला थांब म्हणून खूण केली. तेवढ्यात माझी गाडी निघाली.

दिवाळीनंतर त्या गेल्या. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता.

फ्लेक्सवर कागद लावून झाल्यावर भाऊजींनी मला घरी नेलं, चहा दिला आणि ताईंचा फोन माझ्यापुढे धरला. “हा बंद करू का नको, मले समजून नाही राहिलं,” म्हणाले. तिकडच्या बायका अजून पानांचे फोटो पाठवत होत्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. काहींनी खाली लिहिलं होतं, “बाई, पाहा न.”

मी तिथेच बसून एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग त्या सगळ्या बायकांना कळवलं की बाई गेल्या, आणि खाली माझा नंबर दिला. फोटो आता माझ्याकडे येतात. आतापर्यंत तरी सगळी पानं हिरवी आहेत.